मैदानाबाहेरचा सामना : आर्थर ॲश

गेल्या १ डिसेंबरला, म्हणजे जागतिक एड्स दिनी, आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे एक व्याख्यान झाले. वक्त्यांनी हा रोग कसा पसरतो हे सांगायला सुरुवात केली आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. खोटे कशाला सांगू, हसणाऱ्यांत मीही होते. बोलता बोलता वक्त्यांनी आर्थर ॲश या टेनिसपटूचे नाव घेतले. टेनिस हा खेळ मी कधी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. पण ॲश यांचे वडील एका मैदानाचे राखणदार होते, हे एक वाक्य माझ्या कानात राहिले. माझे वडील शाळेत शिपाई आहेत आणि शाळेच्या मैदानाला कुलूप लावण्याचे काम त्यांचेच आहे. म्हणून मी ग्रंथालयात जाऊन या माणसाची माहिती शोधू लागले. जे वाचले ते आपल्यापुढे मांडावे असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आर्थर ॲश यांचा जन्म १० जुलै १९४३ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, रिचमंड या शहरी झाला. त्या काळी तेथे काळ्या-गोऱ्यांचा भेद कायद्यानेच पाळला जाई. शाळा वेगळ्या, बसमधील बाके वेगळी, बागाही वेगळ्या. वडील आर्थर (थोरले) हे फक्त काळ्यांसाठी असलेल्या ब्रुकफील्ड या उद्यानाचे राखणदार होते आणि कुटुंब त्या उद्यानातच एका लहान घरात राहत असे. घराच्या पायरीवरून उतरले की टेनिसची मैदाने! छोट्या आर्थरच्या हाती सातव्या वर्षीच रॅकेट आली ती अशी. तो अंगाने किडकिडीत होता. शेजारच्या महाविद्यालयात शिकणारा रॉन चॅरिटी नावाचा तरुण त्या मैदानांवर सरावाला येई, त्याने या मुलाची आवड हेरली आणि त्याला खेळाचे पहिले धडे दिले.

पण त्याआधीच घरावर मोठा आघात झाला होता. मार्च १९५० मध्ये आई मॅटी हिचा मृत्यू झाला. तेव्हा आर्थर केवळ सहा वर्षांचा होता आणि धाकटा भाऊ जॉनी त्याहून लहान. वडिलांनी दोन्ही मुले करड्या शिस्तीत वाढवली. शाळा सुटल्यावर ठराविक वेळेत घरी आलेच पाहिजे, हा त्यांचा दंडक होता. काळ्या माणसाला अब्रूशिवाय दुसरे भांडवल नाही आणि ती एकदा गेली की परत येत नाही, ही त्यांची शिकवण मुलाने जन्मभर सांभाळली. पुढच्या सर्व कथेचे मूळ या शिकवणीत आहे असे मला वाटते.

पुढे लिंचबर्ग येथील डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन हे गुरू लाभले. पेशाने ते वैद्य. पण काळ्या मुलांना गोऱ्यांच्या या खेळात उतरवायचेच अशा जिद्दीने त्यांनी आपल्या घराच्या आवारात मैदान तयार केले होते. विंबल्डन जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री अल्थिया गिब्सन हीसुद्धा त्यांचीच शिष्या. त्यांची एक विलक्षण आज्ञा होती. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू रेषेच्या थोडा बाहेर पडला, तरी तो आत पडला असे समजून खेळायचे आणि पंचांशी कधीही हुज्जत घालायची नाही. गोऱ्यांना बोट ठेवायला जागाच मिळू नये, हा त्यातील हेतू. ही शिकवण दहा-बारा वर्षांच्या मुलाला किती जड गेली असेल! अन्याय दिसतो, पण गप्प राहून पुढचा फटका अधिक चांगला मारायचा.

रिचमंडमधील चांगली मैदाने गोऱ्यांसाठी राखीव असल्याने शालेय शिक्षणाचे शेवटचे वर्ष ॲश यांनी दूर सेंट लुई येथे काढले. तेथून शिष्यवृत्तीवर लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश मिळाला. १९६३ साली डेव्हिस चषकासाठी अमेरिकेच्या संघात निवड झालेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. १९६६ मध्ये ते पदवीधर झाले. खेळाडूने अभ्यास सोडला तरी चालते असे मानणाऱ्या आपल्या मित्रांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

पदवीनंतर ते सैन्यात अधिकारी झाले. सैन्यात असतानाच, १९६८ साली, त्यांनी अमेरिकेची पहिली खुली स्पर्धा जिंकली. बक्षीस होते १४,००० डॉलरचे. पण ते हौशी खेळाडू म्हणून उतरले असल्याने ती रक्कम हरलेल्या टॉम ऑकरला मिळाली आणि विजेत्याच्या हाती केवळ रोजचा भत्ता आला. १९७० मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाची स्पर्धा जिंकली. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने त्यांना वारंवार प्रवेश नाकारला. अखेर १९७३ मध्ये परवाना मिळाला, तेव्हा ते तेथे जाऊन खेळले. आणि ५ जुलै १९७५ या दिवशी विंबल्डनच्या अंतिम सामन्यात त्यांनी आपल्याहून नऊ वर्षांनी लहान, ताकदीने खेळणाऱ्या जिमी कॉनर्सचा ६-१, ६-१, ५-७, ६-४ असा पराभव केला. कॉनर्सला वेगवान चेंडू आवडतो हे ओळखून त्यांनी त्याला मुद्दाम मंद, खाली राहणारे चेंडू दिले. विंबल्डनचे एकेरी विजेतेपद मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय पुरुष.

१९७७ मध्ये जीन मूटूसॅमी या छायाचित्रकार तरुणीशी त्यांचा विवाह झाला. संसार सुखाचा सुरू झाला आणि येथेच दैवाने फासे उलटे टाकले. जुलै १९७९ मध्ये, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डिसेंबरमध्ये हृदयावर बायपास शस्त्रक्रिया झाली. १९८० मध्ये त्यांनी खेळातून निवृत्ती घेतली. तरीही ते डेव्हिस चषक संघाचे कप्तान झाले आणि १९८१ व १९८२ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांच्या संघाने चषक जिंकला. जून १९८३ मध्ये हृदयावर दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. तीनंतर अशक्तपणा जाईना, म्हणून त्यांना रक्त चढवण्यात आले.

वाचकहो, हा क्षण आपण नीट ध्यानात घ्यावा. एड्सचे पहिले रुग्ण अमेरिकेत १९८१ मध्ये नोंदले गेले होते. त्याचा विषाणू पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञांना १९८३ मध्ये सापडला. परंतु रक्तातील हा विषाणू ओळखण्याची चाचणी अमेरिकेत १९८५ च्या मार्चमध्ये उपलब्ध झाली. ॲश यांना रक्त दिले गेले ते या दोन वर्षांच्या फटीत. ज्याने रक्त दिले त्याचा दोष नव्हता, ज्याने घेतले त्याचाही नव्हता. आज आपल्याकडे दान केलेल्या रक्ताची प्रत्येक पिशवी तपासूनच पुढे जाते. म्हणून रक्तदान शिबिरात सुईची भीती वाटली तर वाटू द्या, पण रोगाची वाटू देऊ नका. निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुईने रक्त दिल्याने हा रोग कोणालाही होत नाही.

हा विषाणू शरीरात शिरल्यावर लगेच काही बोलत नाही. वर्षानुवर्षे तो मुकाट राहतो आणि रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी हळूहळू संपवत जातो. माणूस हसतो, खेळतो, कामावर जातो. ॲश यांचेही तसेच झाले. या पाच वर्षांत त्यांनी अमेरिकेतील काळ्या खेळाडूंचा इतिहास लिहून काढला. तीन खंडांचा तो ग्रंथ १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. डिसेंबर १९८६ मध्ये जन्मलेली एक मुलगी त्यांनी दत्तक घेतली. आईचा पेशा छायाचित्रणाचा, म्हणून तिचे नाव ठेवले कॅमेरा.

१९८८ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस एके दिवशी ते दूरध्वनी लावू लागले, तर उजव्या हाताची बोटे हलेनात. ज्या हाताने विंबल्डन जिंकले तोच हात लुळा पडला. तपासण्या झाल्या, मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. तेथे टोक्सोप्लाझ्मोसिस ही जंतुबाधा आढळली. निरोगी माणसाच्या शरीरात हा जंतू सहसा डोके वर काढत नाही. पण प्रतिकारशक्ती खचली की काढतो. रक्ताची चाचणी केली, ती एच.आय.व्ही.ची निघाली आणि रोग एड्सच्या अवस्थेत पोहोचला होता. लगोलग जीन आणि कॅमेरा यांच्याही चाचण्या झाल्या. दोघींना बाधा नव्हती. पाच वर्षे एका घरात, एका ताटात, एका अंथरुणावर काढलेल्या कुटुंबात त्या निकालाची वाट पाहताना काय झाले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

आता प्रश्न होता सांगण्याचा. पती-पत्नींनी विचार केला आणि ही गोष्ट डॉक्टर, नातलग आणि विश्वासू मित्र यांच्यापुरतीच ठेवायचे ठरवले. त्यांनी असे का केले? भित्रेपणा म्हणावा तर हा माणूस दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला भ्याला नव्हता. पण तो काळ आठवावा. याच रोगामुळे मुलांना शाळेतून काढले जात होते, माणसांच्या नोकऱ्या जात होत्या. आणि हे केवळ अमेरिकेतच घडत होते असे नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात १९८९ साली डॉमनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले, त्याच्या रक्तात विषाणू आढळला, आणि पोलिसांनी त्याला नेऊन ओस पडलेल्या एका क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवले. त्याची आई लूसी हिने उच्च न्यायालयात दाद मागितली. पुढे १९९२ मध्ये त्याने बाधितांसाठी संस्था उभी केली आणि त्याच वर्षी तो वारला. ज्या जगात असे घडते तेथे दोन वर्षांच्या मुलीच्या बापाने तोंड मिटून घेतले, तर त्याला आपण काय म्हणणार?

साडेतीन वर्षे मित्रांनी हे गुपित राखले. इतकी माणसे आणि इतके दिवस! ॲश यांनी माणसे कशी जोडली होती, याचा याहून मोठा पुरावा नाही. ते औषधे घेत, व्याख्याने देत, मुलीला शाळेत सोडत. ७ एप्रिल १९९२ रोजी एका मोठ्या वृत्तपत्राचा, त्यांच्या जुन्या ओळखीचा पत्रकार घरी आला आणि त्याने हे खरे काय असे विचारले. ॲश यांनी होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. कारण खोटे बोलणे वडिलांच्या शिकवणीत बसत नव्हते. बातमी आज ना उद्या छापली जाणार हे दिसले, तेव्हा ती आपल्याच तोंडून जगाला कळावी असे त्यांनी ठरवले. दुसऱ्याच दिवशी, ८ एप्रिलला, न्यूयॉर्क येथे पत्रकारांना बोलावून त्यांनी सर्व काही सांगितले. लेकीविषयीचा भाग आला आणि त्यांचा कंठ दाटून आला. शब्द फुटेना. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या जीनने तो कागद घेतला आणि पुढचा मजकूर वाचला. विंबल्डनच्या विजयापेक्षा मला हा प्रसंग मोठा वाटतो. सहधर्मचारिणी हा शब्द आपण लग्नपत्रिकेत वाचतो. त्याचा अर्थ त्या दिवशी तेथे दिसला.

सार्वजनिक माणसाला खाजगी दुःख असू नये काय, यावर अमेरिकेत मोठा वाद झाला. शेकडो वाचकांनी त्या वृत्तपत्राला निषेधाची पत्रे पाठवली. आपल्यावर अन्याय झाला असे ॲश यांचे स्पष्ट मत होते आणि ते त्यांनी लपवले नाही. पण ते त्याच रागात बसून राहिले नाहीत. गुरूने लहानपणी शिकवलेच होते. रेषेबाहेर पडलेला तो चेंडूही त्यांनी आत पडला असे समजून खेळायला घेतला.

पुढचे दहा महिने त्यांनी दहा वर्षांचे काम केले. एड्सच्या निर्मूलनासाठी निधी उभारणारी संस्था स्थापन केली. सप्टेंबर १९९२ मध्ये हैतीच्या निर्वासितांना मिळणाऱ्या वागणुकीचा निषेध करण्यासाठी ते वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानासमोर निदर्शनाला उभे राहिले आणि त्यांना अटक झाली. शरीर पोखरलेले, हृदय दुबळे, तरी दुसऱ्यांसाठी उन्हात उभे राहायचे! लगेच दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा हृदयविकाराचा झटका आला. १ डिसेंबर १९९२ रोजी त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघात भाषण करून या रोगावरील संशोधनासाठी अधिक पैसा द्यावा अशी विनंती केली. आजारापेक्षाही काळा म्हणून जन्मल्याचे ओझे आपल्याला अधिक जड गेले, असे ते सांगत. समाजाचा तिरस्कार रोगाहून जास्त छळतो, हे अनुभवाने कळलेल्या माणसाचे हे मत आहे.

याच महिन्यांत ते आत्मचरित्र लिहीत होते. त्याच्या शेवटी लेकीला लिहिलेले दीर्घ पत्र आहे. जीनने बाप-लेकीची छायाचित्रे काढून लहान मुलांसाठी एक पुस्तक तयार केले. आजारी वडिलांबरोबर कसे राहावे हे इतर मुलांना कळावे म्हणून. ६ फेब्रुवारी १९९३ रोजी न्यूमोनियाने न्यूयॉर्क येथे ॲश यांचे निधन झाले. वय ४९. कॅमेरा तेव्हा सहा वर्षांची होती. सहाव्या वर्षी आई गमावलेल्या मुलाने सहा वर्षांच्या मुलीला मागे ठेवले. रिचमंड येथे आईच्या शेजारीच त्यांना मूठमाती देण्यात आली. ज्या शहराने लहानपणी त्यांना मैदाने बंद केली, त्याच शहराने १९९६ मध्ये आपल्या मुख्य मार्गावर त्यांचा पुतळा उभारला. न्यूयॉर्कमध्ये १९९७ साली सुरू झालेल्या भव्य टेनिस क्रीडागाराला त्यांचेच नाव आहे.

ॲश गेले आणि तीनच वर्षांनी, १९९६ च्या सुमारास, तीन औषधे एकत्र देण्याचा उपचार आला. त्याने या रोगाचे स्वरूपच पालटले. आपल्या देशात २००४ पासून ही औषधे सरकारी केंद्रांतून विनामूल्य मिळतात. रोज नेमाने गोळी घेणारा माणूस दीर्घायुष्य जगू शकतो. रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत सापडणार नाही इतके खाली गेले आणि तसेच राहिले, तर शरीरसंबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही. बाधित मातेने औषधे वेळेवर घेतली तर बाळ निरोगी जन्मू शकते. हा विषाणू असुरक्षित शरीरसंबंध, बाधित रक्त, दूषित सुई आणि माता ते बालक या मार्गांनीच पसरतो. एकत्र जेवण्याने, हात हातात घेतल्याने, एका खोलीत राहिल्याने किंवा डास चावल्याने तो पसरत नाही. चाचणी सरकारी रुग्णालयात विनामूल्य होते आणि निकाल गुप्त ठेवला जातो. बाधा झाल्या झाल्या मात्र ती चाचणीत दिसतेच असे नाही. म्हणून शंका असल्यास तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करावी लागते. २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय चाचणी करणे आणि कोणाची बाधा उघड करणे यांना मनाई केली आहे. ॲश यांना जो हक्क मिळाला नाही तो आज आपल्याकडे कायद्यात आहे. तो मनात उतरायचा राहिला आहे.

शेवटी एक गोष्ट सांगून लेखणी थांबवते. माझ्या ओळखीच्या एका घरी एक बाई आहेत. त्यांना ही बाधा आहे. त्या कोण, कुठल्या, माझ्या कोण लागतात, हे मी लिहिणार नाही. ते सांगायचे की नाही हे त्यांनी ठरवायचे, मी नव्हे. एवढे तरी मी या चरित्रातून शिकले. त्या घरात त्यांचे ताट-वाटी वेगळी असे आणि भांडी त्या स्वतःच घासून पालथी घालत. दोन वर्षांपूर्वी मी गेले असता त्यांनी माझ्यासाठी चहा केला. मी तो ओठाला लावला नाही. बोलता बोलता पेला खाटेखाली सरकवून ठेवला आणि बसची वेळ झाली म्हणून निघाले. त्यांनी तो पेला पाहिला होता. त्या काही बोलल्या नाहीत.

हा लेख लिहिण्याआधी, दिवाळीच्या सुट्टीत, मी पुन्हा त्यांच्याकडे गेले. या वेळी चहा मीच मागितला. त्यांनी एकवार माझ्याकडे पाहिले आणि चुलीकडे गेल्या. आम्ही दोघी उंबऱ्यात बसून चहा प्यालो. त्यांनी माझ्या अभ्यासाची चौकशी केली, मी त्यांना आर्थर ॲश यांची गोष्ट सांगितली. मैदानाच्या राखणदाराचा मुलगा, हे ऐकून त्यांना फार नवल वाटले. त्याच्या मुलीचे पुढे काय झाले, एवढे एकच त्यांनी विचारले. ती आईच्या मायेत वाढून मोठी झाली, असे मी सांगितले. मग त्यांनी दोन्ही पेले उचलले आणि एकत्रच विसळले.